लोक लाटेमागे का जातात? मराठवाड्यापुरतं बोलू: भाव, जात की बांधणी?

मांजराकाठ (धागाकर्ता)

प्रत्येक निकालानंतर एक वाक्य हमखास येतं: "लोकांना भडकवलं." लोकानुनयी चळवळीचा साचा सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूला आपण साधी माणसं, दुसऱ्या बाजूला वरची लुटारू मंडळी, आणि मध्ये उभा एक माणूस जो म्हणतो की तुमचा आवाज मीच. पण त्या माणसामागे जाणारे हजारो लोक डोकं गहाण ठेवून जातात, हे मला मान्य नाही. नुसत्या गरिबीने कुणी रस्त्यावर येत नाही. नियम पाळूनही हरायला लागलं की येतो.

सोयाबीनचं घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात भाव १०,००० रुपये क्विंटलच्या आसपास गेला होता. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. काढणीच्या वेळी भाव निम्म्यावर आला होता आणि डिसेंबरात वायदेबाजारही बंद झाला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता, आडतीवर ४,००० ते ४,४०० मिळत होते. हमीभाव केंद्रावर विकायचं तर आधी ई-पीक पाहणीची नोंद, मग सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट. केंद्रावर माल नेला तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. नोव्हेंबरात ही मर्यादा १५ केली, तोवर ज्याला रब्बीचं बियाणं-खत घ्यायचं होतं त्याने माल आडतीवर घातलेला होता. पुढे बारदाना संपला. २० क्विंटलवाल्याचे क्विंटलमागे ७०० धरले तरी १४,००० गेले, आणि त्याने एकही नियम मोडला नव्हता.

मराठा आरक्षणातही हेच झालं. २०१६-१७ चे मूक मोर्चे आठवा. ना घोषणा, ना नेत्यांचं भाषण, मागून रस्ता झाडणारी पोरं. त्यातून २०१८ चा कायदा आला, १६ टक्के. उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केला. शिस्तीचा मार्ग संपला तिथून माणूस आवाजाचा मार्ग धरतो. २०२३ चं अंतरवाली सराटीतलं मनोज जरांगे यांचं उपोषण मला त्या हिशेबाचं फळ वाटतं.

बालाघाट

मांजराकाठ, मांडणी नेटकी आहे, पण मुळातच पटत नाही. सोयाबीनचा भाव जात बघून लागत नाही. मराठा, वंजारी, धनगर, माळी, मुस्लिम, सगळ्यांचं पोतं त्याच काट्यावर चढतं. भावाने माणसं जोडली जात असती तर २०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये एकजूट दिसली असती. दिसलं काय? जातीवर सरळ उभी फाळणी आणि ६,५५३ मतांचा निकाल. त्यानंतर एकमेकांच्या दुकानातून माल घेऊ नका, अशी आवाहनं फिरली. हे १४,००० रुपयांचं दुखणं नाही.

दुखणं मानाचं आहे. गावात ज्याच्या शब्दावर पंचायत चालायची त्याचा मुलगा दोन एकरांवर आला, पोलीस भरतीत मागे पडला, लग्न जमेना. आणि कालपर्यंत ज्याला तो आपल्या मागे धरायचा त्याच्या घरात नोकरी आली. दुसऱ्या बाजूला त्याच नोकरीवाल्याला वाटतं की कष्टाने मिळवलेलं ओबीसी आरक्षणाचं ताट आता ओढून नेतील, म्हणून जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण बसलं. दोघांनाही आपण खाली ढकलले जातोय अशी भीती आहे.

बाहेरही तेच आहे. २०१६ च्या ब्रिटनच्या सार्वमतात ब्लेनाऊ ग्वेंट या वेल्समधल्या जुन्या कोळसा-पोलाद पट्ट्यात ६२ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडा म्हटलं. तिथे परदेशातून आलेले लोक नगण्य, आणि संघाचा विकासनिधी भरपूर आलेला. नफ्यातोट्याच्या वहीत हे बसवून दाखवा.

मांजराकाठ

बालाघाट, कोळसा-पोलाद बंद पडलं म्हणूनच तो पट्टा खाली गेला ना? निधीतून रस्ता झाला, काम आलं नाही. मानही बऱ्याचदा जमिनीच्या मापाबरोबर घसरतो. महाराष्ट्रातली सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ हेक्टर. "दोन एकरांवर आला" हे तुम्हीच लिहिलंत. तो आकडा काढून टाका आणि मग सांगा, मानाचं दुखणं किती उरतं.

दुधनाकाठ

तुम्ही दोघं कारणं सांगताय, पण कारणं तर वर्षानुवर्षं पडून असतात. भाव पडलेला आहेच, मान दुखावलेला आहेच. मग २९ ऑगस्ट २०२३ ला उपोषण बसलं तेव्हा ती जालना जिल्ह्यापुरती बातमी होती, आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर ती राज्याची कशी झाली? मागणी तर तीच होती. डोकं फुटलेल्या म्हाताऱ्या माणसांचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावच्या ग्रुपवर होते. ते बघून निघालेल्या माणसाला आरक्षणाचा एकही कागद ठाऊक नव्हता, आणि तशी गरजही नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे सहभाग किती स्वस्त पडतो. हे न समजता लाट समजणार नाही. साखळी उपोषण गावात कसं चालतं ते बघा. मारुतीच्या पारासमोर मंडप, पोलीस ठाण्यात एक निवेदन, एक हजेरी वही. भावकीनुसार किंवा गल्लीनुसार पाळ्या लावायच्या, रोज पाच-दहा जण, सकाळी बसायचं आणि संध्याकाळी उठून दुसरे. कुणाचंच शेत बुडत नाही आणि गाव महिनाभर आंदोलनात राहतं. वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचा फ्लेक्स लावला की आमदाराला वळसा घालावा लागतो, आणि पहिल्यांदाच गावाला वाटतं की आपला दाब पडतो. १४ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः अंतरवालीत येऊन उपोषण सोडवून गेले. मंत्रालयात चिठ्ठी देऊन तासन् तास बाकावर बसलेल्या माणसाला याची किंमत कळते.

मुंबईला जायचं तर खर्च वाढतो आणि तिथे संघटन लागतं. एका टेम्पोत २० माणसं धरा. माणशी ४०० ग्रॅम म्हटलं तरी रोज ८ किलो पीठ, दहा दिवसांना ८० किलो. वर डाळ, तेल, मिरची, गॅसची टाकी, पाण्याचा ड्रम, ताडपत्री, डिझेल. पीठ घरोघर गोळा होतं, ते कुणाला जड नाही. डिझेल कोण घालतं हा खरा प्रश्न. स्वागताला जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली जातात, तेव्हा जेसीबी कुणाचा ते विचारा. पोकलेन, हायवा, प्लॉटिंग, ठेकेदारी यातून गेल्या पंधरा-वीस वर्षांत खेड्यात नवा पैसेवाला वर्ग आला आहे. त्याला साखर कारखान्यात, जिल्हा बँकेत, शिक्षण संस्थेत जागा नाही, कारण तिथे जुनी घराणी बसली आहेत. त्याला प्रस्थापितांविरुद्धची भाषा मनापासून पटते.

हे आजचं नाही. १९८५ नंतर शिवसेना मराठवाड्यात वाढली आणि १९८८ ला औरंगाबाद महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष झाली, तेव्हाही काँग्रेसच्या सहकारी वाड्याबाहेर राहिलेली पोरंच आत आली. नामांतराला झालेला विरोध, रझाकारांच्या आठवणी, हे सगळं होतंच, ते मी नाकारत नाही. पण शाखाप्रमुख हे पद कारखान्याच्या शेअरविना मिळत होतं, हेही तितकंच मोठं आकर्षण होतं.

बांधणी ढिली पडते ती पण सांगतो. पेरणी आणि काढणीत मंडप रिकामा होतो. दर चार महिन्यांनी नवं उपोषण आलं की डिझेलवाला हात आखडता घेतो. आणि हिंसा झाली की घरातल्या बाया पोरांना सोडत नाहीत. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीडमध्ये आमदारांची घरं पेटली, त्यानंतर गुन्हे नोंद झाले. गुन्हा म्हणजे भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडकणं, हे प्रत्येक आईला समजतं.

देगलूरनाका

बांधणीचं म्हणाल तर तेलंगणातल्या बीआरएसचं (भारत राष्ट्र समिती) उदाहरण घ्या, कारण तिथे पैसा, गाड्या, फ्लेक्स सगळं होतं. ५ फेब्रुवारी २०२३ ला नांदेडला त्या पक्षाचे प्रमुख आणि तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांची सभा झाली, घोषणा "अब की बार किसान सरकार". आमच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर पट्ट्यातल्या लोकांनी ती नुसती ऐकली नाही. सोयरिक पलीकडे तेलंगणात आहे, त्यामुळे बांधापलीकडे तेव्हा एकरी हंगामाला ५,००० रुपये खात्यावर येत होते आणि शेतीला २४ तास फुकट वीज होती, हे डोळ्यांनी बघितलेलं होतं. इकडे रात्रपाळीची वीज, मोटार चालू करायला बॅटरी घेऊन अंधारात जायचं. तेलंगणात सामील करा, अशी मागणी सीमेवरच्या गावांनी उगीच केली नव्हती.

आणि ३ डिसेंबर २०२३ ला तेलंगणात सत्ता गेली तसा इकडचा पक्ष काही महिन्यांत विरला. लोकांचा राग संपला होता का? वीज तर तीच होती. देणारा हात गेला म्हणून लोक परतले. इथे मला मांजराकाठ यांचाच हिशेब खरा वाटतो, फक्त तो मागच्या नुकसानीचा नाही, पुढच्या शक्यतेचा आहे.

जिंतूररोड

एक आक्षेप. सगळं एका पोत्यात भरू नका. मराठा आंदोलनाला लोकानुनयी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिथली मागणी हवेतली नाही, ती एका कागदाची आहे: कुणबी दाखला, ज्यावर ओबीसी आरक्षण मिळतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. विदर्भातल्या माणसाला जुन्या नोंदीवर कुणबी दाखला सहज मिळतो, आपल्याकडच्या नोंदी तुटक, काही उर्दूत, काही मोडीत. म्हणून त्या नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमावी लागली.

आता प्रक्रिया बघा. आधी तहसील किंवा भूमी अभिलेखमधून नोंद शोधा: खासरा पाहणी, जन्म-मृत्यूचा नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. नोंद निघाली तर नक्कल, मोडी असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा, सेतूतून अर्ज. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, आणि तेवढ्याने भागत नाही, जिल्हा पडताळणी समितीची वैधता वेगळी. बहुतेक प्रकरणं वंशावळीत अडकतात: कागदावर नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. पणजोबा "नामदेव" होते हे खरं, पण नोंदीतला नामदेव तोच कशावरून? असा प्रत्येक टप्पा तोंडपाठ असलेल्या माणसाला भावनेच्या भरात गेलेला म्हणायचं का?

बालाघाट

जिंतूररोड, कागदच हवा असता तर २० फेब्रुवारी २०२४ चा १० टक्क्यांचा कायदा आल्यावर गर्दी ओसरली असती. ओसरली नाही, कारण तो वेगळा प्रवर्ग होता. लोकांना ओबीसीतच हवं होतं. त्याचं एक कारण कायद्याचं आहे, ५० टक्क्यांची मर्यादा, ते मान्य. पण गावात ते कारण कुणी बोलत नाही. गावात बोलतात ते "त्यांना मिळतं, आपल्याला का नाही" हेच.

जिंतूररोड

गावात ते कारण बोलतात, दादा. एकदा कायदा रद्द झालेला बघितलाय लोकांनी. ५० टक्क्यांच्या वरचं टिकत नाही हे भरतीच्या अकॅडमीतलं पोरगंही सांगतं.

तेरणा

इतका वेळ वाचतेय, बाई कुठेच नाही. मंडपातही नाही आणि तुमच्या हिशेबातही नाही. लोकसभेला महायुतीला मराठवाड्यात आठपैकी एक जागा, नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या ४६ पैकी ४०. जेमतेम पाच-सहा महिन्यांत ना भाव सुधारला, ना मान मिळाला. उलट सभांमधून सोयाबीनला कुणी ६,००० म्हणत होतं, कुणी ७,०००. मग बदललं काय?

जुलैपासून लाडकी बहीण. महिन्याला १,५००, पहिले दोन हप्ते राखी पौर्णिमेच्या आसपास एकदम, निवडणुकीपर्यंत पाच हप्त्यांचे ७,५००. मांजराकाठ, तुमचे १४,००० गेले ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याचे. त्या घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, आडतीची पट्टी तिच्या हातात येत नाही. वर्षाचे १८,००० तिच्या नावच्या, आधार जोडलेल्या खात्यात आले. त्यासाठी कितीतरी जणींनी पहिल्यांदा स्वतःचं खातं चालवलं, कारण पैसे जुन्या बंद खात्यात जात होते आणि आधार कुठल्या बँकेला जोडलंय तेच माहीत नव्हतं. एका घरात नवरा गावबंदीचा बोर्ड लावणारा आणि बायको दुसऱ्याला मत देणारी, हे घडलं. "लोक" असं एक पोतं मुळात नाहीच.

दुधनाकाठ

ताई, मुद्दा वजनदार आहे, पण ४० जागा एकट्या योजनेच्या नाहीत. जरांगे यांनी उमेदवार द्यायचं ठरवून ४ नोव्हेंबरला माघार घेतली, त्यामुळे कार्यकर्त्याला पाडायचं कुणाला हे स्पष्ट राहिलं नाही. आणि ओबीसी मत या वेळी एकगठ्ठा बाहेर पडलं. लोकसभेच्या निकालाने त्यांना घाबरवलं होतं.

तेरणा

एकगठ्ठा पडलं ते मान्य. पण त्यातही बायांचे पैसे होतेच. त्यांना वेगळं काढून मोजता येणार नाही, आणि मोजल्याशिवाय "जातीने झालं" म्हणताही येणार नाही.

मांजराकाठ

तेरणाताई, घरातला हिशेब घरातल्या माणसागणिक वेगळा, हे मला पटतं, आणि माझ्या म्हणण्याला ते धरूनच आहे: ज्याला ज्या व्यवहारात तोटा किंवा फायदा दिसतो, त्याप्रमाणे तो हलतो.

आता २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयाकडे बघा, म्हणजे निजामकाळातल्या गॅझेटच्या आधारे कुणबी दाखला देण्याच्या निर्णयाकडे. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरच्या समितीने चौकशी करायची. शेजारची दोन गावं घ्या, एकात अर्ज वेळेत निकाली निघालेले, दुसऱ्यात पंचनाम्याविना पडलेले. जातीची रचना सारखी असेल आणि तरी पुढच्या हाकेला दुसऱ्या गावातून गाड्या जास्त निघाल्या, तर कागदाचा हिशेब खरा. दोन्हीकडून सारख्याच निघाल्या, तर बालाघाट यांचं खरं.

बालाघाट

कसोटी मान्य. एक भर घाला: दाखला मिळालेल्या घरांतून किती जण तरीही गाडीत बसले, तेही मोजा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त बसतील, आणि त्यातले बरेच जण दाखला पिशवीतच ठेवून, कारण गावात कुणबी म्हणवून घ्यायला त्यांचं मन अजून तयार नाही.