मदत हवी आहे: लिंकब्लॉग, टंबललॉग, बुकमार्कांचं पान – कशाला काय म्हणायचं?

नोंदवही
अडकले आहे, लवकर सांगा. लिंकब्लॉग, टंबललॉग, मायक्रोब्लॉग आणि बुकमार्कांचं सार्वजनिक पान यांत नेमका फरक काय? जिथे बघावं तिथे वेगळी व्याख्या. मला प्रत्येकाची एका ओळीत हवी आहे. ब्लॉग म्हणजे काय ते सांगत बसू नका, ते माहीत आहे.

खडूफळा
कशासाठी हवंय? लेख लिहिताय की स्वतःचा ब्लॉग काढताय?

जुनीवही
लिंकब्लॉग वेगळा प्रकार मानायची गरजच नाही. जॉर्न बार्गरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ हा शब्द आणला तो त्याच्या ‘रोबॉट विस्डम’ या साइटसाठी. तिथे काय होतं? वाचलेल्या पानांचे दुवे आणि सोबत एखादी ओळ. म्हणजे ब्लॉग मुळात दुव्यांचाच. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही ब्लॉग काढायची सेवा आली, लिहायला नुसता रिकामा चौकोन मिळाला आणि लोक दिवसभराचं मनातलं लिहू लागले. रिबेका ब्लडने २००० सालच्या निबंधात हा बदल नीट मांडलाय, जुन्या पद्धतीला ती ‘फिल्टर’ म्हणते.

दीपमाळ
वर्डप्रेसमध्ये पोस्ट फॉरमॅट असतात, त्यात ‘लिंक’ निवडा. थीममध्ये सोय असेल तर काम झालं. आणि रोज टाका, खंड पडला की वाचक तुटतात.

नोंदवही
@दीपमाळ, मला ब्लॉग काढायचा नाहीये. फक्त फरक हवाय.

सायंतारा
@जुनीवही, इतिहास बरोबर, पण त्यावरून आज काय म्हणायचं ते ठरत नाही. आज ‘ब्लॉग’ म्हटल्यावर कोणी दुव्यांची यादी समजत नाही, म्हणून तर वेगळा शब्द लागला.

माझी कसोटी एकच: शीर्षकावर टिचकी मारली की कुठे जाता? लिंकब्लॉगमध्ये थेट बाहेर, दुसऱ्याच्या लेखावर. जॉन ग्रुबरच्या ‘डेअरिंग फायरबॉल’ या ब्लॉगवरची ‘लिंक्ड लिस्ट’ बघा. शीर्षक बाहेर नेतं आणि त्याच्या स्वतःच्या नोंदीचा पर्मालिंक, म्हणजे कायमचा पत्ता, बाजूच्या ताऱ्यात असतो. फीडमध्येही, म्हणजे नव्या नोंदी वाचकापर्यंत पोचवणाऱ्या फाइलमध्येही, हेच दिसतं. ॲटम या फीडच्या स्वरूपाच्या २००५ च्या प्रमाणकात दुव्याचं नातं सांगायला ‘रिलेटेड’ आणि ‘व्हाया’ आहेत, म्हणजे कशाबद्दल लिहिलंय आणि ते कुणाकडून कळलं, दोन्ही नोंदवता येतं. फीड उघडा, पाच मिनिटांत निकाल लागेल.

वाटसरू
शीर्षकावर सगळं टांगू नका. कितीतरी लिंकब्लॉगांत शीर्षकच नसतं, वाक्यातल्या एका शब्दाला दुवा असतो. मी बघतो तो मजकूर कुणाचा आणि किती. दुवा काढून टाकला तर नोंद उभी राहते का? राहिली तर ती टिपण. कोसळली तर लिंकब्लॉग.

टंबललॉग यापेक्षा मोकळा. हा शब्द २००५ मध्ये ‘व्हाय द लकी स्टिफ’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने ‘अनार्काया’ नावाच्या ब्लॉगबद्दल वापरला. चित्र, अवतरण, संवादाचा तुकडा, दुवा, सगळं एकाच ओघात आणि फारसं भाष्य नाही. टंबलर ही ब्लॉगची साइट त्यानंतर, २००७ मध्ये आली. तेव्हा टंबलरवर आहे म्हणून टंबललॉग, असं धरू नका.

सायंतारा
दुवा काढल्यावर उभी राहते की नाही हे ठरवणार कोण? दोघे जण दोन उत्तरं देतील. माझी कसोटी कुणीही वापरली तरी उत्तर तेच.

वाटसरू
उत्तर तेच येतं म्हणजे बरोबर येतं असं नाही. बाहेर नेणारं शीर्षक आणि खाली आठ परिच्छेदांची टीका, तरी लिंकब्लॉगच म्हणणार?

खडूफळा
धागाकर्त्या, कशासाठी हवंय ते अजून सांगितलं नाहीत.

नोंदवही
सूची करतेय. बंद पडलेल्या साइटींची जतन केलेली पानं आहेत, प्रत्येकीपुढे प्रकार लिहायचाय आणि रकाना एकच. फीड जतन झालेले नाहीत, त्यामुळे @सायंतारा यांचा उपाय निम्माच लागू पडतो.

जुनीवही
हे आधी सांगायचं ना! बाहेरचे दुवे बरेचसे मेलेले असणार. प्रत्येक दुव्याचा पत्ता आणि पानावरची तारीख तरी उतरवून ठेवा, वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्या तारखेजवळची प्रत मिळू शकते. मला तर प्रकारापेक्षा हे काम जास्त मोलाचं वाटतं.

खडूफळा
मग सूचीपुरतं असं धरा. बुकमार्कांचं पान म्हणजे डिलिशस (२००३ मध्ये सुरू झालेली, आता बंद असलेली बुकमार्कांची साइट) वर असायचं तसं: टॅगनी लावलेला स्वतःचा साठा, वाचकाशी बोलणं नाही. लिंकब्लॉग तारखेने चालतो आणि निवड वाचकासाठी असते. मायक्रोब्लॉग लांबीवरून ठरतो, दुवा असेल किंवा नसेल, त्यामुळे तो या रकान्यातून काढाच. ब्लॉगरोल म्हणजे कडेची आवडत्या ब्लॉगांची यादी, तो प्रकार नाही, भाग आहे. आणि दुसऱ्याचा मजकूर यंत्राने ओढून जाहिराती लावलेली पानं यात मिसळू नका. लिंकब्लॉगमागे निवडणारा माणूस असतो.

नोंदवही
हे कामाचं आहे. पण काही ब्लॉग सुरुवातीला नुसते दुवे देतात आणि पुढे लांब लेखांकडे वळतात. त्यांना काय लावू?

वाटसरू
प्रकार नोंदीचा असतो, अख्ख्या ब्लॉगचा क्वचितच. एकाच साइटीच्या दोन ओळी करा आणि प्रत्येकीपुढे कालखंड लिहा.

सायंतारा
इथे मी @वाटसरू यांच्याशी सहमत. फक्त कालखंडाची सीमा शीर्षकांवरून ठरवा.

नोंदवही
दोन ओळी करते. शीर्षक नसलेल्या नोंदी वेगळ्या काढून उद्या इथेच टाकते, त्या बघून सांगा.