टाकी भरायला पंप
कॅन उचलून मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) टाकीत पाणी ओतताना पाठ धरते, पंप चालेल का असं वर विचारलंय त्यावर. चालतो की, आम्ही स्कॉटलंडात फिरताना तेच करतो. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, तो छातीपर्यंत उचलून फिलरच्या, म्हणजे गाडीच्या बाजूला टाकी भरायचं भोक असतं त्याच्या, तोंडाशी धरायचा, त्यात वारा, अर्धं पाणी बुटात. आता १२ व्होल्टचा सबमर्सिबल पंप कॅनमध्ये सोडतो, पाइपचं टोक फिलरमध्ये आणि वायर गाडीच्या सॉकेटला, झालं.

पहिल्यांदा लावला तेव्हा नुसता गुरगुरत होता, पाण्याचा पत्ता नाही, मला वाटलं गेले पैसे, मग कळलं आत हवा अडकलीये, पाण्याखालीच दोनतीनदा हलवला तर बुडबुडे आले आणि धार सुरू. कोरडा मात्र चालवू नका, जळायला वेळ लागत नाही. आणि बंद केल्यावर पाइपचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर भरलेलं पाणी उलटं कॅनमध्ये येतं, म्हणून आधी पाइप वर ओढून घ्यायचा.

हो, पाइप पिण्याच्या पाण्याचाच घ्या, मी बागेचा हिरवा लावला होता तर चार दिवस चहाला रबराचा वास (बायको अजून ऐकवते).