प्रतिसाद: एम ५ मधील आरआर लायरी तारे
तोरणमाळहून एका रात्रीत एम ५ या गोलाकार तारकागुच्छातील आरआर लायरी ताऱ्यांचे, म्हणजे ठरावीक काळाने तेजस्वी-मंद होत राहणाऱ्या ताऱ्यांचे, आवर्तकाल (तेजाच्या एका पूर्ण चढउताराला लागणारा वेळ) काढता येतील का, असे वर विचारले आहे. माझ्या मते एक रात्र पुरेशी नाही. हे आवर्तकाल साधारण ०.२ ते १ दिवस असतात. ज्या ताऱ्याचा आवर्तकाल अर्ध्या दिवसाच्या अगदी जवळ आहे, त्याच्या प्रकाशवक्राचा (वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखाचा) एकाच ठिकाणाहून रोज जवळजवळ तोच भाग दिसतो आणि उरलेला निसटत राहतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यापूर्वी, शक्य तितक्या दीर्घ निरीक्षणांच्या रात्री काही आठवड्यांवर विखुरलेल्या असाव्यात. गुच्छाच्या गाभ्यातील गर्दीत शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळतो, त्यामुळे तेथे प्रतिमांच्या वजाबाकीची पद्धतच (एका प्रतिमेतून दुसरी वजा करून फक्त बदललेला प्रकाश पाहणे) उपयोगी पडते. सुरुवात मात्र कडेच्या, सुट्या दिसणाऱ्या ताऱ्यांपासून करावी, असा माझा आग्रह आहे.