मदत हवी आहे : यंत्रमाग कामगार असलेल्या वडिलांची श्रवणचाचणी

माझे वडील इचलकरंजीत ३० वर्षे यंत्रमागावर काम करीत असून, आता घरातही नातीचे बारीक आवाजातले बोलणे त्यांना नीट समजत नाही. सततच्या खडखडाटाने अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी कायमच्या नष्ट होतात आणि ही हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या (उंच पट्टीच्या आवाजाच्या) आसपास सुरू होत असल्याने, संभाषणात जाणवण्यापूर्वीच ती ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) दिसू शकते. दरवर्षी तपासणी झाली असती तर इअरमफ (कान झाकणारी संरक्षक साधने) वेळीच आले असते, याची खंत वाटते. कोल्हापूर-सांगली परिसरात ध्वनिरोधक खोलीत प्युअर टोन ऑडिओमेट्री (वेगवेगळ्या पट्टीचे शुद्ध स्वर ऐकवून होणारी श्रवणचाचणी) कोठे होते? रात्रपाळीनंतर लगेच गेल्यास तात्पुरता बधिरपणाही मोजला जाईल, म्हणून किती तासांची विश्रांती द्यावी? ‘मला ऐकू येते’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण तपासणीसाठी कसे तयार केलेत, तेही कृपया कळवावे.