पत्रकापेक्षा दुभाषा कोण ते बघा

कुणीतरी लिहिलंय की एचआयव्हीची माहितीपत्रकं सोमाली, अम्हारिक (इथिओपियातली भाषा) यांत छापून वाटली की अमेरिकेतल्या आफ्रिकी स्थलांतरितांमधला एचआयव्हीचा प्रश्न सुटला. इतकं सोपं नाही हो. समजा, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली सोमाली बाई दवाखान्यात गेली आणि दुभाषी म्हणून समोर आली तिच्याच मामेबहिणीची शेजारीण! ती काय तोंड उघडणार? डोकं दुखतंय म्हणेल नि गोळ्या घेऊन परत. त्यापेक्षा दुसऱ्या राज्यातला, फोनवरचा दुभाषा बरा.

दुसरी गोष्ट धास्तीची. जानेवारी २०१० पर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला तिथे सहसा प्रवेशच नव्हता, कायम राहायला येणाऱ्यांना चाचणी सक्तीची होती. नियम गेला, पण 'पॉझिटिव्ह निघालो तर परत पाठवतील' ही भीती मागे राहिली. ती घालवायची तर बाया वेण्या घालायला तासन्‌तास बसतात त्या सलूनमध्ये बोलावं लागतं. आणि रक्तदाब, साखर, एचआयव्ही एकाच टेबलावर तपासा, म्हणजे कोण कशासाठी आलंय ते कळत नाही.

आकडेवारीची तर गंमतच. नायजेरियातून आलेला आणि अमेरिकेतच, अटलांटात जन्मलेला, बरेचदा दोघंही एकाच 'कृष्णवर्णीय' रकान्यात. मग वेगळा निधी मागायचा कशाच्या जोरावर?