'सर्कमस्टेलर डिस्क'ला मराठीत काय म्हणावं : तबकडी, बिंब की खळं?

भाषांतरवाली
तरुण ताऱ्यांवरचा एक लेख मासिकासाठी मराठीत करतेय. त्यात 'सर्कमस्टेलर डस्ट' आणि 'सर्कमस्टेलर डिस्क' पानोपानी आहेत. मी 'ताऱ्याभोवतीची धूळ' आणि 'धुळीची तबकडी' लिहिलं. संपादकांनी खोडून 'परितारकीय धूलिद्रव्य' आणि 'परितारकीय बिंब' केलं. सूर्यबिंब म्हणजे खुद्द सूर्यच ना? इथे तर तारा मध्ये आणि धूळ त्याच्या बाहेर. कुणी आधी काय वापरलंय?

निरुक्त
बिंब चूकच. पण 'परितारकीय'वर रागावू नका. उद्या 'परितारकीय वायू', 'परितारकीय बर्फ' लिहावं लागेल, तेव्हा 'ताऱ्याभोवतीच्या'ची शेपटी किती ठिकाणी ओढणार? शास्त्राला विशेषण लागतं. आणि 'धूळ' म्हटलं की कपाटावरची धूळ आठवते. 'रज' घ्या.

मृगनक्षत्र
धूळच म्हणा, कारण ती धूळच आहे. सिलिकेटचे आणि कार्बनचे कण, बरेचसे मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचे. ताऱ्याचा प्रकाश शोषून ते अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये) परत टाकतात, म्हणून तर सापडले. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या उपग्रहाची मापं जुळवून घ्यायला अभिजित (व्हेगा) हा तारा वापरत होते, कारण तो भरवशाचा. त्याच्याकडूनच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त अवरक्त प्रकाश आला. पुढच्या वर्षी स्मिथ आणि टेरिल या खगोलशास्त्रज्ञांनी चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून बीटा पिक्टोरिस या ताऱ्याचा मधला झगमगाट झाकून फोटो घेतला. दोन्ही बाजूंना धुळीची सरळ रेघ! तबकडी कडेने दिसली की रेघच दिसणार. म्हणून 'तबकडी'ला माझं मत.

पण खरी अडचण पुढे आहे. एचएल टौरीसारख्या अगदी कोवळ्या ताऱ्याभोवती, तो ज्या ढगातून बनला त्यातलाच वायू आणि धूळ असते, त्यातून ग्रह घडतात. अभिजित किंवा बीटा पिक्टोरिसभोवतीची धूळ तशी नव्हे. ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबाने बारीक कण बाहेर फेकले जातात, त्याहून थोडे मोठे हळूहळू आत घसरतात. ताऱ्याच्या वयाच्या मानाने धूळ फार लवकर संपायला हवी. तरी ती आहे, म्हणजे लघुग्रह-धूमकेतूंसारखी पिंडं एकमेकांवर आदळून नवी तयार होतेय. दोन्हींना 'परितारकीय' म्हटलं तर हा फरक वाचकाला कळणारच नाही.

भाषांतरवाली
हो, लेखात दोन्ही आहेत! पहिलीला 'प्रोटोप्लॅनेटरी', दुसरीला 'डेब्री'. पहिलीसाठी कच्च्या खर्ड्यात 'पूर्वग्रह तबकडी' होतं, ते मीच काढलं. वाचक भलताच अर्थ घेईल.

निरुक्त
'आदिग्रह तबकडी'. दुसरीला 'अवशेष तबकडी'.

मृगनक्षत्र
अवशेष म्हणजे उरलेलं. ही उरलेली नाही, रोज नवी होतेय. त्यापेक्षा 'राडारोडा' बरा, निदान तोडफोड तरी त्यात आहे.

निरुक्त
महापालिकेच्या नोटिशीतला शब्द आकाशात नको हो.

कोरडवाहू
एवढे शब्द घडवताय, पण आपला तयार शब्द कुणालाच आठवला नाही. खळं! चंद्राला खळं पडतं ना? मध्ये चंद्र, भोवती कडं. आणि शेतातलं खळं तर याहून नेमकं : गोल, सपाट, मध्ये तिवडा म्हणजे खांब, बैल त्याच्याभोवती फिरतात, भुसा उडतो. 'धुळीचं खळं' लिहा, आमच्याकडच्या शाळकरी पोराला चित्र दिसेल.

मृगनक्षत्र
शेतातलं मान्य. पण चंद्राचं खळं आपल्याच वातावरणातल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे दिसतं, चंद्रापाशी काहीच नसतं. तोच शब्द ताऱ्याला लावलात तर धूळही भास आहे असं वाटेल.

निरुक्त
त्या खळ्याला संस्कृतात 'परिवेष'. बृहत्संहितेत त्यावर अख्खा अध्याय आहे. 'परिवेषी धूळ' चालेल का बघा.

कोरडवाहू
परिवेष कळायला कोश उघडावा लागेल. खळ्याला लागत नाही.

तळकोकणी
कोश कुणालाही लागेल, दादा. आमच्याकडे खळं म्हणजे घरापुढचं अंगण. शेणाने सारवलेलं, बहुतेक चौकोनी. ना तिवडा, ना बैल. माझ्या आईला 'ताऱ्याचं खळं' सांगितलंत तर ती ताऱ्याच्या दारापुढची जागा समजेल.

कोरडवाहू
पण भात तिथेच झोडता ना? मग अंगण नंतरचं, खळं आधीचं.

तळकोकणी
भात झोडतो, पण आधी-नंतरचं कशावरून ठरवलंत?

निरुक्त
संस्कृत 'खल' म्हणजे मळणीची जागा, तेव्हा कोरडवाहू म्हणतात तो अर्थ जुना. पण आज बोलणाऱ्याला अंगण दिसत असेल तर त्याच्यापुरतं तेच खरं.

भाषांतरवाली
सगळ्यांचे आभार. लेख शुक्रवारी द्यायचाय. तूर्त 'तबकडी' ठेवतेय. 'डेब्री'चं मात्र अडलेलंच आहे.

कोरडवाहू
ताई, 'डेब्री'चं बघू. आधी इथे कुणाकडे तिवड्याला 'मेढ' म्हणतात का तेवढं सांगा. आमच्या तालुक्यात दोन्ही चालतात आणि मला फरक असावासा वाटतो.