१९४६ सालच्या इटलीतल्या शेतकरी घरात चुलीवर काय शिजायचं?

माणगंगा (सातारा):
नमस्कार. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४४-४५ ला इटलीत. घरी त्यांनी लढाईचं कधी काही सांगितलं नाही. एकदाच, आजी अंगणात कपडे धूत होती तेव्हा म्हणाले, "तिकडच्या बायका पण राखेनंच धूत." त्या एका वाक्यावर मी कादंबरी लिहायला घेतलीय. सेनिओ नदीकाठचं एक घर, त्यातली बाई आणि महिनाभर तिच्या ओसरीत राहिलेली पलटण.

लढाईबद्दल हवं तेवढं मिळतं. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओकाठी जखमी सोबत्यांना पाठीवरून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पण पलटण पुढं गेल्यावर त्या घराचं काय झालं? १९४६ च्या हिवाळ्याचं प्रकरण मी तीनदा लिहून खोडलं. बाईच्या हातात टोमॅटोचा पास्ता दिला की ते घर हॉटेलासारखं दिसतं. ती काय शिजवत होती? जमीन कुणाची होती? कुणी सांगेल का?

कृष्णाकाठ (सांगली, निवृत्त इतिहास शिक्षक):
ताई, पास्ता काढून टाका. त्या भागात गरिबाच्या घरी हिवाळाभर मक्याचं पीठ. तांब्याच्या कढईत लाकडी दांड्यानं घोटायचं, फळीवर ओतायचं आणि दोऱ्यानं कापायचं. त्याला पोलेंता म्हणतात. दुसरी पियादा, मातीच्या तव्यावर भाजलेली चपटी रोटी, टंचाईत गव्हात मका मिसळून केलेली. तुमच्या आजोबांना ती भाकरीच वाटली असणार.

जमीन बहुधा मालकाची, शेती अर्ध्या वाट्यानं. पीक निघालं की निम्मं मालकाच्या कोठारात. युद्धानंतर कुळांनी मोठा झगडा केला, तेव्हा १९४७ ला त्यांचा वाटा शंभरात ५३ झाला. हा झगडा तुमच्या प्रकरणात यायलाच हवा. नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आणि एक. तिथं हिवाळ्यात रात्री सगळं घर गोठ्यात बसायचं, जनावरांच्या उबेला. सूत कातणं, गोष्टी, पोरींची लग्नं ठरणं, सगळं तिथंच. माघार घेताना जर्मनांनी पुष्कळांची जनावरं नेली. तुमच्या बाईचा गोठा रिकामा असेल, तर घरात थंडी कुठून शिरली ते वेगळं सांगायला नको.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):
मी शिकायला दोन वर्षं बोलोन्याला होतो. सेनिओ पाहून आलो. नदी लहान, पण दोन्ही तीरांवर मातीचे उंच बांध. जर्मन त्या बांधातच खणून बसले होते, म्हणून लढाईची आघाडी हिवाळाभर तिथं अडकली आणि काठची गावं ढिगारा झाली. युद्ध संपल्यावरही शेतात सुरुंग होते. नांगर धरणाऱ्याच्या मनात ते असणारच, तेवढं विसरू नका. फोर्लीला आपल्या सैनिकांचं स्मशानस्मारकही आहे, जमलं तर जाऊन या.

कृष्णाकाठ:
बाईची तारीख हवी असेल तर २ जून १९४६ घ्या. राजा हवा की प्रजासत्ताक, यावर मतदान झालं आणि देशपातळीवर बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. मतपत्रिका जिभेनं ओली करून चिकटवायची होती, म्हणून लिपस्टिक लावून येऊ नका, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. तुमच्या बाईकडं लिपस्टिक नसेलच. रांगेत तिच्या पुढं उभ्या असलेल्या बाईकडं असू द्या.

निरगुडी (वाई):
पिएव्हे सान्तो स्तेफानो नावाचं गाव आहे, टायबरच्या वरच्या खोऱ्यात. जर्मनांनी ते सुरुंग लावून उडवलं होतं. आज तिथं साध्या माणसांच्या हजारो रोजनिशा जपून ठेवल्यात. क्लेलिया मार्की या शेतकरी बाईनं आपलं आयुष्य लग्नाच्या चादरीवर लिहून काढलं, ती चादरही तिथंच आहे. मला वाटतं, तुमची बाई अशाच लिखाणात सापडेल.

माणगंगा:
चादरीचं वाचून पुढचं वाचणं थांबवलं आणि आईला हाक मारून सांगितलं. रिकाम्या गोठ्यापासून प्रकरण पुन्हा सुरू करतेय. सर, त्या राखेच्या धुण्याचं काही माहीत आहे?

कृष्णाकाठ:
हो. मोठ्या टोपात कपडे रचायचे, वर जाड कापड, त्यावर चाळलेली राख आणि उकळतं पाणी हळूहळू ओतत राहायचं. खालून निघालेलं पाणी परत तापवून परत वर. मग नदीवर नेऊन खंगाळायचं.